हैदराबादला नेलेला कडू घास

आमच्या नांदेडकडच्या माणसाला हैदराबाद काही नवं नाही. मोठ्या दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी, नाहीतर चारमिनारसमोर फोटो काढायला प्रत्येक जण एकदा तरी जाऊन आलेला असतो. मीही गेलो होतो. पण या वेळी मी जिथं गेलो, तिथं आमच्यापैकी कुणी गेल्याचं ऐकलेलं नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय. मी गेलो तिथल्या जुन्या कॅथेड्रलला, म्हणजे कॅथलिक लोकांच्या सगळ्यात मोठ्या चर्चला. तेही बघायला नाही, मयताच्या माणसांना भेटायला. सोबत माझी थोरली बहीण पंचफुलाक्का, वय बहात्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

मी एसटीत कंडक्टर होतो, कंधारला. सगळा जन्म लोकांना वेळेवर चढवण्या-उतरवण्यात गेला. त्यामुळं कुणी उशीर केला की माझं डोकं फिरतं. या वेळी उशीर आम्हीच केला होता, तोही पाच आठवड्यांचा.

आधी कोण मेलं ते सांगतो. आमच्या गावात नन लोकांचा एक छोटा दवाखाना होता. दोन खोल्या पुढं, दोन मागं. तिथं सिस्टर मार्था म्हणून केरळकडची एक बाई एकतीस वर्षं राहिली. अक्काला नवऱ्यानं टाकलं होतं, लेकरूबाळ नव्हतं. सिस्टरनं तिला कामाला ठेवलं: सुया उकळायच्या, फरशी पुसायची, आणि आमच्या बायांचं दुखणं सिस्टरला समजावून सांगायचं. त्या काळी गावातली पुष्कळ घरं आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसाच्या हातचं पाणी घेत नव्हती. सिस्टरनं पहिल्याच दिवशी अक्काला पाणी मागितलं आणि तिच्यासमोर तांब्या रिकामा केला. अक्का हे एवढंच सांगायची. पुढं दोघी मागच्या खोल्यांत राहायला लागल्या, एका ताटात नसलं तरी एका पंगतीला जेवायला लागल्या, आणि गावातली निम्मी लेकरं त्या दोघींच्या हातांवर जन्मली. माझा थोरलाही.

आठ वर्षांपूर्वी सिस्टर थकली. तिच्या संस्थेनं तिला हैदराबादला नेलं आणि दवाखान्याला कुलूप लागलं; अक्का माझ्याकडं राहायला आली. ती फोन करायची, "पंचफुला, एकदा येऊन जा." अक्का म्हणायची येते. कधी गुडघा आडवा यायचा, कधी शेळी व्यायला झालेली असायची. जाणं राहून गेलं. मग माझा नंबर बदलला आणि फोनही बंद झाले.

सिस्टर गेल्याचं पत्र बंद दवाखान्याच्या पत्त्यावर आलं, दाराच्या फटीतून आत पडलं आणि पडूनच राहिलं. लसीकरणासाठी दार उघडलं तेव्हा सापडलं. पत्र इंग्रजीत होतं, माझ्या पोरानं वाचून दाखवलं. सिस्टर मार्था शांतपणे गेल्या, कॅथेड्रलमध्ये शेवटची प्रार्थना झाली, पंचफुलाला कळवा असं त्यांनी सांगितलं होतं. खाली सिस्टर अ‍ॅग्नेस यांची सही आणि नंबर.

अक्का रडली नाही. मला तेच खटकलं. ती फक्त म्हणाली, "घास कुणी दिला आसंल?"

आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरेधायरे पिठलं-भाकरी करून नेतात आणि घरच्या माणसांना बळंच खाऊ घालतात. तोच कडू घास. तो गिळल्याशिवाय माणूस दुःखातून उठत नाही असं मानतात.

मी म्हणालो, "कुणी तरी दिलाच आसंल की."

"कुणाला देतील? तिला ना माहेर, ना सासर. ती गेली तर कुणाच्या घरची चूल बंद ऱ्हायली? सांग ना."

 त्यानंतर अक्काचं जेवण निम्म्यावर आलं. ताट पुढं घ्यायची, चतकोर मोडायची, बाकीचं कोंबड्यांना. मी रोज कावायचो. शेवटी एक दिवस म्हणाली, "गौतमा, मला तिथं नेऊन सोड. तिचं एक जरी माणूस घावलं तरी त्याच्या तोंडात घास घालते. त्याबिगर मला अन्न गोड लागायचं न्हाई." मी सिस्टर अ‍ॅग्नेसना फोन लावला. त्या म्हणाल्या, बुधवारी या, दहा वाजता, कॅथेड्रलच्या अंगणात भेटू.

मंगळवार, नांदेड ते काचीगुडा

सकाळची गाडी धरली. धर्माबादला मिरचीचा ठसका डब्यात शिरला आणि अर्धा डबा शिंकला. पुढं बासरला गोदावरीचा पूल आला, लोकांनी हात जोडले, काहींनी नदीत नाणी टाकली. आमच्या घरात असलं काही नाही. छप्पन साली वडिलांनी धम्म घेतला, देव्हारा उचलून नदीत सोडला आणि त्यानंतर आमच्या कपाळाला अंगारा लागला नाही. अक्का या बाबतीत माझ्यापेक्षा कडक. कुणी प्रसादासोबत अंगारा दिला तर पुडी तशीच परत करायची. सिस्टरनंही तिला कधी चर्चचं काही सांगितलं नाही आणि हिनंही कधी विचारलं नाही.

पूल ओलांडल्यावर डब्यातली बोली बदलली. तेलुगू आपल्याला कळत नाही, पण मधूनच एखादा शब्द आपल्या बाजारातला निघतो आणि बरं वाटतं. अक्का खिडकीतून बघत होती. मांडीवर पिशवी, पिशवीत ज्वारीचं पीठ, डाळीचं पीठ, लसूण, हिरव्या मिरच्या. घास सकाळी ताजा करायचा होता.

काचीगुड्याला धाकट्या भावाची मुलगी वैशाली राहते, कंपनीत नोकरीला आहे. चौथ्या मजल्यावर एक खोली. तिनं आम्हाला बिर्याणी मागवली. मी पोटभर जेवलो. अक्कानं दोन घास खाल्ले आणि तिखट लई हाय म्हणून ताट सारलं. जी बाई हिरवी मिरची नुसती चावते तिला बिर्याणी तिखट लागली. 

बुधवार, चहाच्या गाड्यावरची भाकरी

सकाळी पहिली अडचण. वैशालीकडं गॅसच नाही, इंडक्शन आहे. पिठलं झालं. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पण फुगायला जाळ पाहिजे.

"आत्या, तशीच भाजू ना," वैशाली म्हणाली.

"तशी कच्ची भाकर मयताला नेत आसतेत का?"

मग आम्ही तिघं परात घेऊन चार मजले उतरलो. खाली कोपऱ्यावर चहाचा गाडा होता. गाड्यावाल्या चाचांची पांढरी दाढी, डोक्याला टोपी. वैशालीनं त्यांना सांगितलं. मला वाटलं गिऱ्हाइकाच्या वेळी हा माणूस हाकलून देणार. त्यांनी एवढंच विचारलं, "किसकी मय्यत है अम्मा?" अक्का म्हणाली, "माझ्या सिस्टरची." चाचांनी चहाचं पातेलं खाली उतरवून ठेवलं. पाच भाकरी त्या शेगडीवर फुगल्या, तोवर उभ्या गिऱ्हाइकांपैकी कुणी घाई केली नाही. माझ्या गाडीत प्रवाशांनी कधी एवढा धीर धरला नव्हता.

बुधवार, कॅथेड्रल

शहराच्या ऐन गर्दीत, थोड्या उंचवट्यावर ते चर्च उभं आहे. निजामाच्या काळात बांधलेलं, दीडशे वर्षांच्या घरातलं. समोर दोन उंच मनोरे, त्यात मोठ्या घंटा. त्या इटलीहून जहाजानं आणल्या असं तिथल्या वॉचमननं मला नंतर सांगितलं. रस्त्यावर बसगाड्यांचा हॉर्न चालू होता, आणि दहा पावलं वर चढलं की आवाज खाली राहत होता. वैशाली आम्हाला खाली सोडून कामावर गेली होती. आम्ही दोघांनी पायरीशीच चपला काढल्या. बाकी लोक चपला-बूट घालून सरळ आत जात होते, आमच्याच दोन जोड्या तिथं एकट्या पडल्या.

आम्ही पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. दहाची वेळ ठरलेली, पण मी गाडी सुटायच्या आत पोचणारा माणूस. एक प्रार्थना संपून माणसं बाहेर पडत होती. म्हातारी माणसं, नोकरदार पोरी, शाळेची लेकरं, एक पोलीस. आणि प्रत्येकाच्या कपाळावर राख. काळपट राखेचा फुलीसारखा ठसा. शंभर, दोनशे, पुढं मी मोजणं सोडलं.

अक्का थबकली. तिनं माझा दंड धरला.

"गौतमा, हे समदे तिचेच?"

"कुणाचे?"

"सिस्टरचे. राख लावलीय बघ समद्यांनी. एवढी माणसं हायत तिला, अन् मी समजून राहिले की कोणीच न्हाई."

तिचा चेहरा पत्र सापडल्यापासून पहिल्यांदा मोकळा झालेला मी पाहिला. आमच्याकडं राख म्हटलं की मसणवटाच डोळ्यांपुढं येतो, तिसऱ्या दिवशी सावडायची ती राख. तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. पण शंका आली म्हणून मी फाटकाजवळच्या वॉचमनला बाजूला घेऊन विचारलं.

"आज राख का बुधवार है ना साब," तो म्हणाला. "चालीस दिन का उपास चालू होता आज से. हर साल रहता. आदमी मिट्टी का है, मिट्टी में जाना है, वो याद दिलाने कू लगाते."

म्हणजे ही राख सिस्टरची नव्हती. ज्याची त्याची स्वतःची होती. मी परत आलो तेव्हा अक्का पदर नीट करत होती. मला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. तिच्या तोंडाकडं बघून माझी जीभ उचलली नाही.

आत गेलो. बाहेर ऊन चढायला लागलं होतं, आत गारवा होता. उंच कमानी, रंगीत काचांतून फरशीवर पडलेले तांबडे-निळे कवडसे, लाकडी बाकांच्या रांगा. आपल्या विहारात आपण खाली बसतो. इथं बाकावर बसतात आणि प्रार्थनेला गुडघे टेकतात, त्यासाठी बाकालाच खाली पाट जोडलेला असतो. दारातून आत जाताच एक मूर्ती आहे: आई बसलेली, आणि मांडीवर तिचा मेलेला मुलगा. तरणाताठा, उघडा, एक हात खाली लोंबकळलेला. येशूच्या गोष्टी मला शाळेच्या पुस्तकापुरत्याच माहीत. अक्काला तेवढ्याही नाहीत. तिनं त्या हाताकडं पाहिलं, मग आईच्या तोंडाकडं, आणि कितीतरी वेळ तिथून हलली नाही.

"हिला कुणी घास दिला आसंल रं?" ती म्हणाली.



दुसरी प्रार्थना सुरू झाली होती. तेलुगूत होती, त्यामुळं मला शब्द कळले नाहीत, गाण्याचा सूर तेवढा कळला. मग लोक रांगेनं पुढं जायला लागले. पुढं पांढऱ्या-जांभळ्या कपड्यांतले फादर वाटीत बोट बुडवून एकेकाच्या कपाळाला राख लावत होते. अक्का उठली आणि रांगेत शिरली.

मी तिच्यामागं गेलो. "अक्का, आपल्यात न्हाई लावत."

"अंगारा न्हाई लावत," ती मागं न बघता म्हणाली. "ही राख हाय. माझ्या माणसाची."

रांगेत भांडायचं कसं. मी बाजूला खांबाजवळ उभा राहिलो. फादरनी तिचं लुगडं, तिचं मोकळं कपाळ बघितलं, हळू आवाजात काही म्हटलं आणि तिच्या कपाळावर फुली ओढली. ज्या कपाळाला आमच्या वडिलांच्या धाकानं आणि पुढं स्वतःच्या हट्टानं कधी राख लागली नव्हती, त्याला ती लागली. मी लावली नाही. आजही मला वाटतं मी बरोबर केलं. पण तीही चुकली असं म्हणवत नाही.

बाहेर आल्यावर जे झालं ते माझ्या गप्प बसण्यामुळं झालं. अंगणात झाडाखाली कट्टा आहे. अक्कानं तिथं फडकं सोडलं, भाकरी मोडली, पिठलं लावलं आणि समोरून येणाऱ्या एका म्हातारीपुढं घास धरला. म्हातारीनं छातीला हात लावून मान हलवली. अक्कानं दुसरीपुढं धरला. ती हसून म्हणाली, "नक्को अम्मा, आज उपास है." मग एक साहेब, मग दोघी पोरी. सगळ्यांनी अदबीनं नकार दिला. अक्का प्रत्येकाच्या कपाळाकडं बघायची आणि मग हातातल्या घासाकडं. सातव्या-आठव्या माणसानंतर तिनं हात खाली घेतला.

"समद्यांच्या कपाळाला राख, अन् घास एकाला बी नको? माझ्या हातचं चालत न्हाई का ह्यांना?"

हे ऐकलं आणि मला कापल्यासारखं झालं. या वयात तिच्या मनात पुन्हा तोच प्रश्न यावा, आणि तो माझ्यामुळं यावा. मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगून टाकलं. राखेचा बुधवार, चाळीस दिवस, दरसालची रीत. ही माणसं सिस्टरला ओळखतसुद्धा नसतील.

"तुला कधी कळलं?"

"आत जायच्या आधी."

"अन् बोलला न्हाईस."

"न्हाई."

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं हातातला घास परत भाकरीवर ठेवला, फडक्याची टोकं जुळवली आणि म्हणाली, "म्हंजे न्हाईच कोणी तिला."  कपाळावरची राख तिनं पुसली मात्र नाही.

दहाला पाच कमी असताना एक म्हातारी नन काठी टेकत आल्या. करड्या रंगाची साडी, कपाळाला राख. मी उठून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. सरळ अक्कापुढं उभ्या राहिल्या.

"पंचफुला?"

"हाव," अक्का म्हणाली.

त्या सिस्टर अ‍ॅग्नेस. तेलुगू बाई, आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलल्या. कट्ट्यावर बसायलाच त्यांना वेळ लागला. मग त्यांनी शेवटचे दिवस सांगितले. सिस्टर मार्था आठ वर्षं त्यांच्या शेजारच्या खाटेवर होत्या. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांची इंग्रजी गेली, मल्याळमसुद्धा गेली. फक्त मराठी बोलायच्या, आणि तिथं मराठी कुणालाच येत नव्हती.

"हम लोगां कमरे में गए तो एकीच बात पूछती थी," सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणाल्या. "हर एक कू. डॉक्टर कू भी. 'जेवलीस का, जेवलीस का.' उसका मतलब क्या है?"

अक्का खाली बघत होती. उत्तर मीच दिलं. "खाना खाया क्या, ऐसा पूछती थी."

 मग त्यांनी फडक्याकडं बोट दाखवलं. मी त्यांना कडू घासाची रीत सांगितली, जमेल तशी. कुणाचं माणूस मेलं की त्या घरी चूल पेटत नाही, दुसऱ्यांनी नेऊन भरवायचं असतं. अक्का हे घेऊन नांदेडहून इथवर आली आहे, पण इथं कुणाला द्यावं ते कळत नाही. तुम्ही सोबत राहिलात, तुम्हीच घ्या, असंही म्हणालो.

"जिसके घर में मौत हुई वोईच खाता ना?"

"हाँ."

"तो मार्था का घर किधर था?" त्यांनी मलाच विचारलं. "इधर तो बीमार होके आई, बीमारीच में गई. हम लोगां उसकी सेवा किए. घर तो उधरीच था."

त्यांनी काठी कट्ट्याला टेकवली. फडकं सोडलं. भाकरीचा तुकडा मोडायला त्यांची बोटं नीट चालत नव्हती, तरी त्यांनीच मोडला, पिठल्याला लावला आणि अक्काच्या तोंडाशी धरला. अक्कानं मान फिरवली. त्यांनी हात मागं घेतला नाही. तो तसाच राहिला, आणि शेवटी अक्कानं तोंड उघडलं.

घास तोंडात होता आणि अक्का रडायला लागली. आमच्याकडं बाया रडतात तशी, मोठ्यानं, नाव घेऊन. अंगणातली माणसं थांबली. सिस्टर अ‍ॅग्नेसनी तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि त्यांच्या तेलुगूत काही बोलत राहिल्या.

मी बाजूला उभा होतो आणि मला माझ्या मूर्खपणाची लाज वाटत होती. इतके दिवस मयताचं घर आम्ही हैदराबादेत शोधत होतो. ते माझ्याच घरात होतं. माझ्या ओसरीवर बसून ती अर्धी भाकर कोंबड्यांना टाकत होती. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, तिला रोज विचारत होतो की जेवत का नाहीस. भरवलं मात्र एकदाही नव्हतं.

मी खाली बसलो. भाकरी मोडली. दुसरा घास मी दिला.